चुलवाण, चिपाड आणि आठवं सत्र : प्रकल्प नोंदी

१ एप्रिल २०२५, मंगळवार

पाडवा झाला, आजपासून पुन्हा काम. ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल, जमा करायची शेवटची तारीख ९ मे, म्हणजे हातात ३८ दिवस आहेत. पण खरी मुदत त्याच्या कितीतरी आधीची. आबांनी काल फोनवर सांगितलं की शिल्लक ऊस फार तर वीस तारखेपर्यंत पुरेल, मग चरक बंद. गुऱ्हाळ बंद झालं की आमची प्रयोगशाळाही बंद.

नवी वही सुरू करतेय म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. विषय : गुऱ्हाळाच्या चुलवाणात, म्हणजे रसाच्या काहिलीखालच्या भट्टीत, कमी चिपाड (रस काढून उरलेला उसाचा वाळका चोथा) जाळून तेवढाच गूळ काढणे. जागा : कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर, कळे गावाच्या अलीकडे, आबांचं गुऱ्हाळ. गट चौघांचा : मी, इचलकरंजीची, गडहिंग्लजचा आणि गारगोटीचा. पहिल्या वर्षापासून आम्ही एकमेकांना गावाच्याच नावानं हाक मारतो, वहीतही तेच चालू दे. मी मात्र कोल्हापूरचीच, मंगळवार पेठेतली.

आजवर झालेलं काम तीन तुकड्यांत आहे. एक, चुलवाणाच्या तळाला बिडाची जाळी, म्हणजे हवा खालून येईल आणि राख खाली पडेल. ही पप्पांनी उद्यमनगरातल्या त्यांच्या फाउंड्रीत ओतून घेतली. पॅटर्न मी काढला, साचा त्यांनी भरला. दोन, धुराड्यात ओढ कमी-जास्त करायला पत्र्याची झडप. तीन, चुलवाण आणि धुराडं यांच्या मधल्या धूरमार्गावर ५०० लिटरची स्टीलची उथळ टाकी. एक आदण (काहिलीतला एका वेळचा रस) उकळत असताना पुढच्या आदणाचा निम्मा रस या टाकीत फुकट तापणार. टाकी माझ्या डोक्यातून निघाली. सिनॉप्सिसच्या मुखपृष्ठावर तिचंच चित्र आहे. स्टीलचे निम्मे पैसे आबांनी घातलेत.

फेब्रुवारीत बदल करण्याआधी दोन आदणं मोजली होती. प्रत्येकी साधारण १०४० किलो रस, २० ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घनपदार्थांचं, मुख्यतः साखरेचं, टक्क्यांतलं प्रमाण), ऊस को ८६०३२ जातीचा. पहिल्याला ५६० किलो चिपाड जळालं, गूळ १८७ किलो. दुसऱ्याला ५६६ आणि १८८. म्हणजे किलोभर गुळामागे तीन किलो चिपाड. आता बदलानंतरचं मोजायचं.

३ एप्रिल, गुरुवार

दुपारी तीनला आभाळ भरून आलं आणि वळवानं झोडपलं. रंकाळ्याच्या कडेला झाडाची फांदी रस्त्यावर आली होती, त्यामुळे गगनबावडा गाडी अर्धा तास उशिरा सुटली. गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, जमिनीतून वाफ निघत होती. काम काही झालं नाही. चुलवाण आतून कोरडं होतं ते बघितलं आणि परत आलो.

४ एप्रिल, शुक्रवार

धुराचं तापमान चुकीचं येतंय. धुराड्याच्या तळाशी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची दोन धातूंची तार) लावलंय, मीटर २८० दाखवतो. गारगोटीचा म्हणाला, टाकीनं एवढी उष्णता ओढली असेल तर पेढे वाटू. मला पटेना. फेब्रुवारीत याच जागी ५२० होतं.

दोन तास शोधण्यात गेले. शेवटी जोड सापडला. थर्मोकपलची मूळ तार आखूड पडली म्हणून लक्ष्मीपुरीतून आणलेली साधी तांब्याची तार पुढं जोडली होती, आणि तो जोड थेट धुराड्याच्या अंगाला टेकलेला. तिथं ९० अंश, मीटरजवळ ३०. मीटर समजतो की थंड टोक आपल्याजवळ आहे, म्हणून मधले ६० अंश हिशेबातून गळतात. थर्मोकपलला जुळणारी कॉम्पेन्सेटिंग केबल घातली, ३४० दिसायला लागलं.

हे आम्हाला तिसऱ्या वर्षी शिकवलं होतं. परीक्षेत मी त्यावर सहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. पण पुस्तकातला ‘कोल्ड जंक्शन’ आणि धुराड्याला चिकटलेली ती काळी पडलेली गाठ एकच आहे, हे कळायला आज बोटं भाजावी लागली.

८ एप्रिल, मंगळवार

पहिलं मोजमाप. सकाळी सहाला चरक सुरू. पहिलं आदण सोडून दिलं, कारण तेव्हा चुलवाण गार असतं. दुसरं धरलं.

रस १०३८ किलो, २० ब्रिक्स, ऊस तोच. टाकीतला रस काहिलीत सोडताना ७३ अंश. प्रत्येक भारा वजन करूनच चुलवाणाकडे द्यायचा, हे काम गडहिंग्लजचा आणि मी करत होतो. इचलकरंजीची दर पाच मिनिटांनी तापमान लिहीत होती. पावणेतीन तासांनी गुळव्या अण्णांनी पाकाची गोळी पाण्यात टाकून बघितली, हात वर केला आणि साखळी-कप्पीवर काहील उचलून वाफ्यात, म्हणजे पाक निवायच्या हौदात, ओतली. त्या क्षणी पाकाचं तापमान ११७.

चिपाड : ५५५ किलो. गूळ : १८५ किलो.

भागाकार तिघांनी वेगवेगळा केला. तिघांचंही उत्तर तीन.

जाळी, झडप, टाकी, सहा महिने, आबांचे पैसे. आणि चिपाड तेवढंच. परतीच्या गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. बालिंग्याच्या पुलावर गाडी थांबली होती, खाली भोगावतीत म्हशी बसल्या होत्या. एवढंच आठवतंय.

९ एप्रिल, बुधवार

गाइड सरांना सगळे आकडे दाखवले. सिनॉप्सिसमध्ये आम्ही २५ टक्के बचत म्हणून लिहिलंय. सर म्हणाले, “आकडा आला नाही तर आला नाही. पण का आला नाही, ते मात्र पानभर लिहिता आलं पाहिजे.” मग त्यांनी एक प्रश्न विचारला : धूर ५२० वरून ३४० वर आला असेल, तर ती उष्णता गेली कुठं?

प्रश्न बरोबर आहे. धुराड्यातून बाहेर जाणारी उष्णता घटली, रसात गेलेली उष्णता तेवढीच, जाळलेलं चिपाडही तेवढंच. ताळेबंद जुळत नाही. म्हणजे एखादी बाजू आम्ही चुकीची मोजतोय.

रात्री एकपर्यंत बसले. जमेची बाजू पुन्हा तपासली. एका आदणात साधारण ८१८ किलो पाणी वाफ होऊन जातं, त्याला किलोमागे २.२५७ मेगाज्यूल, म्हणजे १८४६. रस २८ वरून उकळीपर्यंत न्यायला २८५. बेरीज २१३१ मेगाज्यूल. यात चूक नाही. चिपाडाची बाजू : वजन गुणिले उष्मांक मूल्य (किलोभर जळणातून मिळणारी उष्णता). वजनकाटा तपासलेला आहे. उरलं उष्मांक मूल्य, ते फेब्रुवारीचंच धरलंय.

१० एप्रिल, गुरुवार

आजची नोंद सविस्तर करते.

एकटीच गेले होते, काटा परत आणायला. चुलवाणाच्या तोंडाशी जाळ घालणारे मामा बसले होते. वीसेक वर्षं ते हेच काम करतात. दिवसाला बारा-चौदा तास त्या तोंडापुढं. उजव्या हातावरचे केस कायमचे जळालेले. मी सहज विचारलं, “मामा, जाळी घातल्यावर काय फरक वाटतो?”

ते म्हणाले, “जाळी झ्याक हाय. राख आपसूक पडतीय, जाळ सरळ उठतोय. पर मंगळवारी तुम्ही मोजत हुता तवा चिपाड सादळल्यालं हुतं की. वळीव झाला न्हवं? जाळच धरंना. दुप्पट घालावं लागलं.”

मी तिथंच खाली बसले.

चिपाडातला ओलावा. कोरड्या चिपाडाचं उष्मांक मूल्य किलोला साधारण १६.५ मेगाज्यूल धरलं, तर १२ टक्के ओलावा असताना हाती लागतात १४.२. ओलावा २४ वर गेला की उरतात १२ च्या आत. एक तर किलोमागे चोथाच कमी, वर त्यातलं पाणी वाफ करायला त्याच जाळातली उष्णता खर्च. शिवाय जाळाचं तापमान उतरतं ते वेगळंच. फेब्रुवारीत आम्ही ओलावा मोजला होता, १२ टक्के. मंगळवारी नमुनाच घेतला नाही. ढीग वरून कोरडा दिसत होता, एवढ्यावर विश्वास ठेवला.

मामांना विचारलं, सादळलेलं कसं ओळखता? त्यांनी मूठभर चिपाड उचललं, दोन्ही हातांत पिळलं, कानाशी नेलं. “कडकड वाजलं पायजे. ह्यो बघ, ह्यो मुका हाय.” मी पिळून बघितलं. खरंच आवाज नव्हता. दुसरी मूठ ढिगात हातभर आत हात घालून काढली, ती तडतडली.

दोन्हींचे नमुने प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आणले, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवलेत.

११ एप्रिल, शुक्रवार

वरच्या थराचा नमुना २४ टक्के. हातभर आतला १३.

आता मंगळवारच्या आदणात वरचं किती आणि आतलं किती जळालं, हे सांगणं अशक्य. अंदाजानं १८ धरलं तर एक उत्तर येतं, २२ धरलं तर दुसरं. गारगोटीचा म्हणाला २४ धरूया, बचत छान दिसते. तो वाईट हेतूनं बोलला नाही. पुण्याच्या कंपनीत त्याला १ जुलैला हजर व्हायचंय, त्याला हे संपवायचंय, आणि मला ते समजतं. पण जो आकडा मोजलाच नाही तो कुठून धरायचा? तास-दीड तास वाद झाला. शेवटी ठरलं : ८ तारखेचं आदण निष्कर्षातून बाद, पण अहवालात ते राहणार, बाद का केलं त्या कारणासकट. पुन्हा मोजायचं.

आबांना फोन केला. ऊस किती उरलाय? म्हणाले, “चार-पाच दिवसाचा. पर उद्या ज्योतिबाची यात्रा, गडी सगळे डोंगरावर. सोमवारनंतर बघू.”

१२ एप्रिल, शनिवार

चैत्र पौर्णिमा. गुऱ्हाळ बंद. घरातले सगळे पहाटेच वाडी रत्नागिरीला, ज्योतिबाच्या डोंगरावर गेले. मी गेले नाही, गुऱ्हाळावर गेले. इचलकरंजीची म्हणाली, “तू चाललीस तर मीबी येतो.”

आबांच्या परवानगीनं ढिगातलं साताठशे किलो चिपाड खळ्यावर पसरलं. दाताळ्यानं ओढायचं, हातभर जाडीचा थर करायचा, दर तासाला उलथायचं. ऊन चाळिशीच्या जवळ. डोक्याला पदर, नाकाला ओढणी, तरी चिपाडाची कूस गळ्यात, कानात, बाह्यांत. संध्याकाळी अंग असं खाजत होतं की विहिरीवरच्या मोटारीखाली आम्ही दोघी कपड्यांसकट बसलो.

रस्त्यावरून सासनकाठ्या घेऊन परतणाऱ्या गाड्या जात होत्या. चांगभलंचा आवाज शेतापर्यंत येत होता. गुलालानं माखलेली एक चिमुरडी ट्रॉलीतून आमच्याकडे हात हलवत गेली.

१५ एप्रिल, मंगळवार

काल-आजही ऊन खणखणीत. चिपाड उचलून छपराखाली रचलं, वर ताडपत्री. नमुने तीन ठिकाणांहून : ११, ११, १२ टक्के.

आणखी एक छोटा प्रयोग केला. बारा भारे वेगवेगळ्या थरांतून काढले, त्यांवर आकडे घातले आणि मामांना म्हटलं, हातानं बघून तीन ढीग करा : कोरडं, मधलं, सादळलेलं. ओव्हनचे आकडे आम्हालाही अजून ठाऊक नव्हते. मामांनी चारेक मिनिटांत वाटणी केली. एका भाऱ्यापाशी थांबले, दोनदा पिळला, मग मधल्यात टाकला.

१७ एप्रिल, गुरुवार

बाराही नमुन्यांचे आकडे आले. मामांच्या कोरड्या ढिगात १० ते १३ टक्के. मधल्यात एक सोडून १५ ते १८. सादळलेल्यात २१ ते २५. बारापैकी अकरा बरोबर. चुकला तो एकच, ज्यापाशी ते थांबले होते तोच. त्याचा ओलावा १४.

सरांना दाखवलं. ते बराच वेळ तक्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “हे अहवालात घ्या.” मी विचारलं, कुठं? आभारात? ते म्हणाले, “आभारात कशाला? निरीक्षणांच्या प्रकरणात, तक्त्यासकट.” एवढं बोलून ते तासाला गेले. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. खूप बरं वाटलं.

१९ एप्रिल, शनिवार (नोंद रविवारी पहाटे लिहितेय)

हंगामातला शेवटचा दिवस. ऊस चार आदणांचा. पहिलं सोडून तीन मोजली.

दुसरं आदण : चिपाड ४६८, गूळ १८५.
तिसरं : ४७४, गूळ १८६.
चौथं : ४६३, गूळ १८४.

किलोभर गुळामागे २.५३, २.५५, २.५२. फेब्रुवारीत तीन होतं.

दुसऱ्या आदणाचा आकडा निघाला तेव्हा गडहिंग्लजच्यानं वही माझ्याकडे फेकली आणि तो चुलवाणाभोवती पळत सुटला. मी म्हटलं, थांब, अजून दोन आहेत. चौथ्याची काहील उतरली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते.

त्या चौथ्या आदणाबद्दल लिहायचंय. मोजमापं मी तिसऱ्यापर्यंत करत होते, चौथ्याला मला फक्त बघायचं होतं. रस तापला की आधी वर काळपट मळी येते. अण्णांनी भेंडीचं चिकट पाणी धारेनं सोडलं, तशी मळी एकत्र गोळा होऊन सायीसारखी वर तरंगली आणि ती झाऱ्यानं काढून घेतली. मग फेस. काहील काठापर्यंत फुगते, पांढरी, आणि अण्णा एका पायावर भार देऊन शिबं फिरवत राहतात. मग फेस बसतो आणि बुडबुडे मोठे, जड होतात. आवाज बदलतो. आधी पावसासारखा सतत, मग एकेक बुडबुडा वेगळा ऐकू यायला लागतो. मीटरवर ११२, ११४. अण्णा मीटरकडे बघतसुद्धा नव्हते. ११६ ला त्यांनी मामांना नुसता हात केला आणि मामांनी जाळ घालायचं थांबवलं. जाळी असल्यामुळे जाळ लगेच बसला, पूर्वी राखेत तो धुमसत राहायचा. ११७ ला गोळी बघितली. ११८ ला काहील वर.

तिन्ही आदणांत उतरायचं तापमान ११७, ११८, ११८.

वाफ्यात पाक ओतला, घोटला, बादलीत फडकं घालून भरला. गरम गूळ केळीच्या पानावर सगळ्यांना मिळाला. मामांनी चुलवाणाच्या तोंडाला पाणी शिंपडून हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. हंगाम संपला. आबांनी आम्हा चौघांना पाच-पाच किलोचा गुळाचा एकेक रवा दिला. नको म्हणता आलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

हिशेब पूर्ण. चुलवाणाची कार्यक्षमता २६.७ वरून ३१.६ टक्के. चिपाडात बचत १५ ते १६ टक्के. पंचवीस नव्हे. पण ही बचत खरी आहे, तीनदा मोजलेली.

आता दुसरी गोष्ट, जी मला काल रात्री दिसली आणि सकाळपर्यंत झोप आली नाही.

बचतीत कुणाचा वाटा किती, हे वेगळं काढत होते. टाकीचा हिशेब सोपा आहे : ५४० किलो रस २८ वरून ७३ अंशांवर, म्हणजे साधारण ९२ मेगाज्यूल. लागणारी एकूण उष्णता २१३१. टाकीचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. उरलेलं सगळं जाळीचं आणि झडपेचं. जाळीमुळे चिपाड पुरतं जळतं, राखेत काळे कोळसे उरत नाहीत. झडपेमुळे गरज नसलेली हवा आत येऊन तापून धुराड्यातून जात नाही.

सगळ्यात महाग वस्तू टाकी. सगळ्यात कमी फायदा टाकीचा.

आणि मामांचं निरीक्षण त्याला जोडलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. चिपाड सादळू दिलं तर जाळी, झडप, टाकी तिन्हींची मिळून बचत एका वळवात धुऊन जाते. ८ तारखेला आमची तशीच धुऊन गेली होती. म्हणजे गुऱ्हाळवाल्यानं पहिला रुपया खर्च करायचा तो ताडपत्रीवर. मग झडप, मग जाळी. टाकी सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

टाकीचं पहिलं चित्र मी गेल्या ऑगस्टमध्ये काढलं होतं. ते चित्र अजून माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

आबांना सांगायला गेले. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. त्यांनी निम्मे पैसे दिलेत. खळ्यावर बाज टाकून बसले होते. मी तक्ता दाखवला, टाकीचे चार टक्के सांगितले, माफी मागितली.

त्यांनी तक्ता बराच वेळ बघितला. म्हणाले, “चार टक्के म्हंजे एका आदणाला किती भारं?” मी सांगितलं, वीसेक किलो चिपाड. ते म्हणाले, “हंगामाला अडीच-तीनशे आदणं हुत्यात. ऱ्हाऊ दे ती टाकी. पर दुसऱ्या कुणाला करायला सांगू नगं, आधी जाळी घाल म्हण.”

तेच अहवालाचं शेवटचं वाक्य असणार आहे, पुस्तकी भाषेत.

३० एप्रिल, बुधवार

अहवालाची पाच प्रकरणं झाली, सहावं उरलंय. इचलकरंजीची आणि मी लायब्ररीत, बाकी दोघं आलेख काढतायत. मुखपृष्ठावरून टाकीचं चित्र काढलं, चुलवाणाचा उभा छेद घातला, जाळी-झडपेसकट.

लायब्ररीच्या काकांनी विचारलं, यंदा शेवटचं का? चार वर्षांत हा एकच प्रश्न त्यांनी मला विचारला.

६ मे, मंगळवार

सकाळी पप्पांबरोबर नर्सरी बागेत शाहू महाराजांच्या समाधीस्थळी जाऊन आले. १९२२ साली याच दिवशी महाराज गेले. प्रस्तावनेचं प्रकरण मी कालच पूर्ण केलं, त्यात त्यांच्याबद्दल दोन परिच्छेद आहेत. १८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली, १८९५ मध्ये महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि इथला गूळ त्या पेठेतून देशभर जायला लागला. भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम त्यांनीच हाती घेतलं. ज्या पाण्यावर आबांचा ऊस उभा आहे, ते याच नदीचं. गाइड सर म्हणाले होते, तांत्रिक अहवालात इतिहास एवढा नको. मी एक परिच्छेद कापला, हे दोन ठेवले. त्यांनी सही केली.

पप्पांनी जाळीचं प्रकरण वाचायला मागितलं. इंग्रजी त्यांना सावकाश वाचता येतं. ‘कास्ट आयर्न ग्रेट’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, “हे माझं.”

९ मे, शुक्रवार

राजारामपुरीतून बाइंडिंग होऊन आलं. पाच प्रती, काळं कापड, सोनेरी अक्षरं. दुपारी दोनला जमा.

१५ मे, गुरुवार

व्हायवा. एक्स्टर्नल परीक्षक बाहेरगावचे होते. पहिला प्रश्न अपेक्षित होता : सिनॉप्सिसमध्ये २५, इथं १५, का? गडहिंग्लजच्यानं नीट सांगितलं. दुसरा : बाद केलेलं आदण अहवालात का ठेवलं? ते मी सांगितलं. तिसरा प्रश्न अनिश्चिततेचा. मूळ मोजमापं दोनच आदणांची आहेत, ती आणखी हवी होती, हे मान्य केलं. हंगाम एकच मिळाला.

मग त्यांनी मामांचा तक्ता उघडला. “बाराला अकरा?” मी हो म्हटलं. “तुम्हाला येतं का हातानं ओळखायला?” मी खरं ते सांगितलं, वीस टक्क्यांच्या वरचं ओळखते, १२ आणि १६ मधला फरक अजून कळत नाही. त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं.

बाहेर आलो तर चौघांनाही काय करावं कळेना. कॅन्टीनला गेलो, मिसळ मागवली. गारगोटीच्यानं विचारलं, पुढच्या गुरुवारी आपण कुठं असू? कुणी उत्तर दिलं नाही. तो पुण्याला. इचलकरंजीची घरच्या लूमवर, तिथं तिला सोलर बसवायचंय. गडहिंग्लजचा गेटच्या तयारीला. माझी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत मुलाखत झालीय, भट्टीच्या विभागासाठी. उत्तर यायचंय.

२१ मे, बुधवार

नो ड्यूजच्या कागदावर नऊ सह्या लागतात. लायब्ररी, जिमखाना, वर्कशॉप, सगळं झालं, राहिली थर्मल लॅब. दोन थर्मोकपल परत केले. एकाचं आवरण धुराड्यात जळून गेलंय, त्याचे पैसे भरले. लॅबच्या दादांनी ते जळकं थर्मोकपल कचऱ्यात टाकायला उचललं, मी मागून घेतलं.

कालपासून पाऊस. वळीव वाटत नाही, मृगासारखा धरलाय, मे महिन्यात. संध्याकाळी दोन पानांचा मराठी तक्ता तयार केला : चिपाड किती जाडीत पसरायचं, किती दिवस वाळवायचं, ढीग कसा रचायचा, झडप कोणत्या वेळी किती ओढायची, जाळी कुणाकडून ओतून घ्यायची. मोठ्या अक्षरांत. वर मामांचं वाक्य घातलं : कडकड वाजलं पाहिजे. लॅमिनेट करून उद्या एसटीनं आबांकडे.

२६ मे, सोमवार

सहा दिवस पाऊस थांबलेला नाही. मला राहवेना, कारण पुढच्या हंगामाच्या पहिल्या आदणांसाठी राखलेलं चिपाड तिथंच आहे, ताडपत्रीखाली. दुपारी आबांना फोन लावला. उचलला मामांनी.

मी विचारलं, “मामा, ढीग?”

“थांब,” म्हणाले. फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग कानाशी काहीतरी तडतडलं, अगदी जवळ. त्यांनी मूठ फोनपाशी धरून पिळली होती.

“आलं ऐकू?”